माळ्यावरचा भोपळा, डब्यातला राजमा आणि चिलीच्या रीतीचा पास्ता

गोव्यातील डिचोलीहून एका गृहिणीने विचारले आहे की पावसाची झड लागली की बाजाराला जाणे होत नाही. घरात पास्त्याची पाकिटे, राजमा, आळसांदे (चवळीच्या जातीचे दाणे), टोमॅटोचा डबा, सुक्या मिरच्या, जिरे आणि माडाच्या सुरेचे व्हिनेगर एवढे सामान आहे, तर एवढ्यावर लॅटिन अमेरिकेच्या चवीचा, कडधान्य घातलेला पास्ता करता येईल का? त्यांनी एकदा तो करून पाहिला, तेव्हा राजमा दाताला कडक लागला, पास्त्याचा गिचका झाला आणि घरच्यांनी "राजमा मसाल्यात मॅकरोनी टाकलीस" असा शेरा मारला. या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. मात्र त्यांचा उपाय बऱ्याच अंशी एकाच गोष्टीत आहे आणि ती म्हणजे राजमा शिजवलेले पाणी. ते पाणी हाच या पदार्थाचा सॉस असतो. आपण ते बहुधा मोरीत ओतून दिले असेल आणि मग सॉससाठी कांदा-टोमॅटोची वेगळी ग्रेव्ही केली असेल. तसे केले की पदार्थ राजमा मसाल्याच्या वाटेने जाणारच.

लॅटिन अमेरिकी चव म्हणजे एकच एक चव नव्हे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. क्युबात काळा घेवडा लसूण, ढोबळी मिरची, जिरे, ओरेगॅनो आणि शेवटी चमचाभर व्हिनेगर घालून शिजवतात. ब्राझीलमध्ये घेवड्याच्या सूपमध्ये लहान आकाराचा पास्ता टाकून ते रात्रीच्या जेवणाला घेतात. मेक्सिकोत बारीक शेवया तेलावर खरपूस परतून टोमॅटो-मिरचीच्या रसात आटवतात. चिलीत तर घेवडा, स्पॅगेटी आणि लाल भोपळा एकाच पातेल्यात शिजवण्याची जुनी घरगुती रीत आहे. त्या पदार्थाला 'पोरोतोस कोन रिएन्दास' म्हणतात आणि त्यात बहुतेक वेळा लोंगानिझा नावाचे डुकराच्या मांसाचे सॉसेजही असते. आपल्या सामानाची यादी वाचताच मला हाच पदार्थ आठवला. चारही देशांच्या चवी एका पातेल्यात एकत्र करण्यापेक्षा एक रीत धरावी आणि तीच नीट करावी, असा माझा आग्रह आहे. 'मेक्सिकन सीझनिंग' नावाने मिळणाऱ्या पुड्या बाजूला ठेवाव्यात; त्यांत बहुधा मीठ, साखर, कांद्याची पूड आणि जिरे यांचेच प्रमाण जास्त असते आणि ते सगळे आपल्या घरात आहे.

गोव्यातील घरासाठी ही रीत परकी नाही. राजमा, मिरची, टोमॅटो आणि लाल भोपळा ही सारी मूळची अमेरिका खंडातली पिके आहेत. १५१० ते १९६१ या पोर्तुगीज अमलाच्या काळात अटलांटिकपलीकडच्या कितीतरी वस्तू आपल्या परसात रुजल्या आणि पोर्तुगाल आणि ब्राझीलमध्ये होणारी फेजोआदा आपल्याकडे राजमा आणि चोरीस (गोव्याचे डुकराच्या मांसाचे तिखट-आंबट सॉसेज) यांच्या रूपाने नांदते आहे. पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या, दिवसांत आपण माळ्यावर जी बेगमी करतो, ती पाहिली तर चिलीच्या त्या पातेल्याची निम्म्याहून अधिक तयारी तिथेच असते: कांद्याच्या माळा, सुक्या मिरच्या, लसूण, अख्खा लाल भोपळा आणि बाटलीतले व्हिनेगर.

आता राजमा. तो कडक राहण्याचे सर्वांत मोठे कारण त्याचे वय आणि साठवण हे असते. दमट आणि उष्ण हवेत महिनोन् महिने राहिलेल्या कडधान्याच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारे पेक्टिन नावाचे द्रव्य कॅल्शियम व मॅग्नेशियमशी बांधले जाते आणि मग ते दाणे कितीही शिजवले तरी पुरते मऊ होत नाहीत. बाहेरून सालपट सुटते आणि आत मात्र खडूसारखा भुकटा राहतो. गोव्याची हवा या बिघाडाला अगदी पोषक आहे. म्हणून मे महिन्यात राजमा भरून ठेवायचा असेल तर तो उन्हात तापवून, पूर्ण गार करून, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा आणि जागा असेल तर डबा फ्रीजमध्ये ठेवावा. गेल्या वर्षीचा राजमा आणि नवा राजमा एकाच डब्यात मिसळू नये, कारण दोन्ही कधीच एकत्र शिजत नाहीत. निम्मे दाणे फुटलेले आणि निम्मे कडक असे झाले तर कारण बहुधा हेच असते.

भिजवण्याच्या पाण्यात मीठ घालावे, ही गोष्ट आपल्याकडे बहुतेकांना पटत नाही, कारण मिठाने कडधान्य कडक होते असे आपण ऐकत आलो आहोत. प्रत्यक्षात उलट घडते. मिठातले सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेते आणि साल मऊ पडते. एक लिटर पाण्याला सपाट मोठा चमचाभर मीठ घालून राजमा आठ ते दहा तास भिजत ठेवावा, नंतर ते पाणी टाकून राजमा स्वच्छ धुवावा आणि ताज्या पाण्यात शिजवावा. पावसाळ्यातही आपल्याकडे उकाडा असतो, तेव्हा त्याहून जास्त वेळ ठेवायचा असेल तर भांडे फ्रीजमध्ये ठेवावे, नाहीतर पाण्याला फेस येऊन आंबूस वास सुटतो. राजमा फार जुना असल्याची शंका असेल तर भिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायला हरकत नाही. पण चिमूट म्हणजे चिमूटच, कारण सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि ब-१ जीवनसत्त्वही नष्ट होते.

कडधान्य खरोखर कडक होते ते आंबटामुळे. टोमॅटो, चिंच, आमसूल किंवा व्हिनेगर यांपैकी काहीही राजमा मऊ होण्याआधी पातेल्यात गेले तर पेक्टिन विरघळायचे थांबते. आपण राजमा अर्धवट शिजवून पुढचे टोमॅटोच्या रसात शिजेल असे धरले असेल, तर तो तिथेच अडकला. राजमा आधी इतका मऊ झाला पाहिजे की जिभेने टाळूवर दाबला तरी त्याचे पीठ व्हावे. आंबटाची पाळी त्यानंतर येते.

सुरक्षिततेचीही एक बाब इथेच सांगतो. कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे द्रव्य असते; ते पोटात गेल्यास काही तासांत उलट्या-जुलाब होऊ शकतात. राजमा किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळावा, असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे. आपल्या प्रेशर कुकरमध्ये तापमान सुमारे १२० अंश सेल्सियसपर्यंत जाते, त्यामुळे तिथे काळजीचे कारण नाही. काळजी घ्यावी ती विजेच्या मंद आचेच्या भांड्यांबाबत, कारण त्यांत पाणी उकळीला न येता नुसते गरम राहिले तर ते द्रव्य पुरते नष्ट होत नाही. डब्यातला राजमा कारखान्यात शिजलेलाच असतो.

कुकरमध्ये भिजलेल्या राजम्याच्या वर दोन बोटे पाणी, अर्धा कांदा, लसणीच्या दोन ठेचलेल्या पाकळ्या, अर्धा चमचा मीठ आणि चमचाभर तेल घालावे. तेलाने फेस कमी येतो आणि शिट्टीतून पाणी उडत नाही. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून पंधरा ते वीस मिनिटे ठेवावे आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. घाईने वाफ सोडली तर दाणे आतून उसळून फुटतात. झाकण उघडल्यावर पाणी तपकिरी-लाल, किंचित दाट आणि चमच्याच्या पाठीला पातळ थर धरणारे दिसले पाहिजे. ते नुसते फिकट पाण्यासारखे असेल तर डावभर राजमा त्याच पाण्यात रवीने किंवा डावाच्या पाठीने घोटावा आणि पाच मिनिटे उघडे उकळावे. हे पाणी चाखून पाहावे. ते चमचाभर नुसते प्यावेसे वाटले पाहिजे. तसे वाटत नसेल तर मीठ कमी आहे किंवा राजमा कच्चा आहे.

आळसांद्यांचा पर्याय मला राजम्याइतकाच आवडतो, आणि पावसात अचानक ठरलेल्या जेवणासाठी तर तोच बरा. ते चार-पाच तासांत भिजतात, कुकरमध्ये एका शिट्टीनंतर मंद आचेवर सात-आठ मिनिटांत होतात आणि त्यांची माती-सुपारीसारखी किंचित तुरट चव मिरचीच्या वाटणाबरोबर छान जुळते. चवळीच्या जातीचे दाणे ब्राझीलच्या ईशान्य भागातही रोजच्या खाण्यात आहेत. तिथे ते भातात घालून शिजवतात. तेव्हा आळसांदे वापरले म्हणून पदार्थ बाटला असे मानण्याचे कारण नाही. फक्त त्यांचे पाणी राजम्याइतके दाट होत नाही, म्हणून चौथा हिस्सा दाणे घोटून घ्यावेत. तोणाक, म्हणजे कडधान्याची खोबऱ्याच्या वाटणातली रस्साभाजी, करण्याची सवय असलेल्या हाताला इथे भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण घालण्याचा मोह होईल. तो आवरावा.

चव बदलते ती मिरचीमुळे, आणि इथे थोडे सावकाश जायला हवे. आपण मिरची एकतर फोडणीत अख्खी टाकतो किंवा तिखट म्हणून पूड घालतो. लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागांत सुकी मिरची ही भाजीसारखी वापरली जाते: तिचा गर काढायचा आणि त्या गराचा सॉस करायचा. त्यासाठी तिखटपणापेक्षा रंग आणि गोडसर सुगंध असलेली मिरची हवी. काणकोण तालुक्यातल्या खोला गावची मिरची मिळाली तर ती घ्यावी. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले असून तिचा रंग गडद आणि तिखटपणा बेताचा असतो. ती नसेल तर ब्याडगी किंवा काश्मिरी चालते. लवंगी किंवा गुंटूर मिरची घेऊ नये.

सहा-सात मिरच्यांची देठे मोडून, कात्रीने उभ्या चिरून बिया झटकून टाकाव्यात. लोखंडी तवा मध्यम तापला की मिरच्या त्यावर पसरून उलथन्याने दाबाव्यात. दहा-पंधरा सेकंदांत त्या फुगतात, सालीवर फिकट डाग येतात आणि मनुकांसारखा गोडसर वास सुटतो. तो वास आला की लगेच उतरवायच्या. त्यानंतर पाच सेकंद उशीर झाला तर घशाला ठसका लागतो आणि मिरची काळी पडते. काळी पडलेली मिरची टाकून द्यावी, कारण तिचा कडूपणा साखरेने किंवा गुळाने झाकला जात नाही. भाजलेल्या मिरच्या गरम पाण्यात वीस मिनिटे बुडवून ठेवाव्यात, मग लसणीच्या चार पाकळ्या, चमचाभर जिरे आणि लागेल तेवढे राजम्याचे पाणी घालून गंधासारख्या वाटाव्यात. मिरच्या भिजवलेले पाणी चाखून पाहावे; ते कडू नसेल तर वापरावे, कडू असेल तर ओतून द्यावे. वाटण चाळणीतून गाळून घेतले तर साल दाताखाली येत नाही. मिक्सर चांगला असेल तर मी गाळत नाही.

चिलीच्या दक्षिण भागातल्या मापुचे लोकांची 'मेर्केन' नावाची एक मसाल्याची पूड आहे: धुरावर सुकवलेली मिरची, भाजलेले धने आणि मीठ. ही धुराची चव पदार्थाला फार उठाव देते आणि आपल्याकडे ती मिळवणे सोपे आहे. चमचाभर धने कोरडे भाजून कुटावेत आणि वाटणात मिसळावेत. मग वाटणाचे भांडे एका मोठ्या पातेल्यात ठेवावे, नारळाच्या करवंटीचा एक तुकडा लालबुंद निखारा होईपर्यंत जाळून वाटीत घ्यावा, त्यावर तेलाचे चार थेंब सोडावेत आणि लगेच झाकण लावावे. तीन-चार मिनिटे पुरे. धुंगार तुपाचा दिला तर पुन्हा बिर्याणीची आठवण येते, म्हणून इथे तेलच घ्यावे. हे सगळे नको वाटले तर धुंगार वगळावा. पदार्थ थोडा सौम्य होईल, बिघडणार नाही.

घरात रेशाद मसाला तयार असतो, तोच का वापरू नये, असे विचारले जाईल. रेशादमध्ये मिरची, लसूण आणि जिऱ्याबरोबर लवंग, दालचिनी, मिरी, चिंच आणि व्हिनेगर असते. तो घातला की पदार्थ फार छान होतो, पण तो गोव्याचा होतो, आणि आपला प्रश्न वेगळ्या चवीचा आहे. याच कारणाने गरम मसाला, आले, हळद आणि कढीपत्ता या पातेल्यात येता कामा नयेत. तमालपत्राबाबतही सांभाळावे. लॅटिन अमेरिकेत वापरतात ते लॉरेल झाडाचे पान. आपले तेजपान दालचिनीच्या कुळातले असल्यामुळे त्याला दालचिनीचा वास असतो. वापरायचेच तर अर्धे पान, नाहीतर नको.

ओरेगॅनोची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्या बहुतेक घरांत खणात साठलेल्या असतात आणि त्यांतल्या तीन-चार पुड्या इथे पुरतात. मात्र पुडी फोडून वास घ्यावा, वास नसेल तर चवही नसणार. त्याहून चांगला पर्याय कुंडीत असतो. जाडसर, लवदार ओव्याची पाने, ज्यांची आपण भजी करतो, तीच कॅरिबियन बेटांवर ओरेगॅनो म्हणून घेवड्यात घालतात. दोन पाने अगदी बारीक चिरून पुरेत. तिसरे पान घातले की खोकल्याच्या काढ्याची आठवण येते. पाने नसतील तर पाव चमचा ओवा हातावर चुरडून टाकावा.

पास्त्याकडे वळण्याआधी पाकीट वाचावे. 'ड्युरम' असे लिहिलेले असेल तर तो बन्सी गव्हाच्या रव्याचा असतो. त्यातले ग्लुटेन घट्ट असल्यामुळे तो उकळीत आकार धरून राहतो. स्वस्त पाकिटांमध्ये साध्या गव्हाचा रवा किंवा मैदा असतो आणि तो मऊ झाल्यावर दोन मिनिटांत गिचका होतो. गिचक्याचे दुसरे कारण, आणि माझ्या मते आपल्या बाबतीतले खरे कारण, हे की पास्ता आधी पूर्ण शिजवून, निथळून, नंतर ग्रेव्हीत पुन्हा दहा मिनिटे शिजवला गेला. एका शिजण्याच्या वस्तूला दोनदा शिजवले की असे होणारच. या पदार्थात पास्ता वेगळा उकडायचाच नाही. तो कच्चा राजम्याच्या पाण्यात जातो, त्याचा स्टार्च त्याच पाण्यात उतरतो आणि राजम्याच्या स्टार्चशी मिळून सॉस दाट होतो.

आकाराबद्दल माझे मत ठाम आहे. शिंपल्याच्या आकाराचा पास्ता मिळाला तर तो घ्यावा, कारण त्याच्या पोकळीत राजमा जाऊन बसतो, मॅकरोनीही चालते, चिलीच्या रीतीने करायचे तर स्पॅगेटीचे दोन-तीन तुकडे करून घ्यावेत. पेने इथे जाड आणि ढोबळ वाटतो. शेवया घ्यायच्या असतील तर मेक्सिकोची रीत धरावी: खिरीसाठी परततो त्याहून गडद, शेंगदाण्याच्या सालीच्या रंगापर्यंत तेलावर परताव्यात आणि पाणी कमी घ्यावे, कारण त्या तीन-चार मिनिटांत शिजतात. पास्ताही असाच कच्चा तेलावर परतून घेतला तर त्याला खमंग चव येते आणि तो सावकाश मऊ होतो. साध्या गव्हाच्या पास्त्यासाठी ही युक्ती विशेष उपयोगी पडते.

चार माणसांसाठी प्रमाण असे धरावे: कोरडा राजमा २०० ग्रॅम, पास्ता २०० ग्रॅम, लाल भोपळ्याच्या सोललेल्या फोडी ३०० ग्रॅम, दोन मध्यम कांदे, डब्यातले टोमॅटो २०० ग्रॅम किंवा दोन पिकलेले टोमॅटो, वर सांगितलेले मिरचीचे वाटण, ओरेगॅनो चमचाभर, तेल तीन मोठे चमचे, व्हिनेगर एक मोठा चमचा. राजम्याच्या जागी डब्यातला राजमा घ्यायचा असेल तर ४०० ग्रॅमचे दोन डबे लागतील, कारण एका डब्यातून निथळून साधारण २४० ग्रॅम दाणे निघतात. त्याचे पाणीही वापरता येते, पण ते खारट असते, तेव्हा निम्मे साधे पाणी मिसळावे आणि मीठ अगदी शेवटी घालावे.

जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून बारीक चिरलेला कांदा मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटे परतावा. तो सोनेरी व्हावा, तपकिरी नको. तपकिरी कांद्याने पुन्हा आपल्या ग्रेव्हीची चव येते. कांद्यावर मिरचीचे वाटण ओतावे. ते आधी उडते, म्हणून झाकण हाताशी ठेवावे. पाच-सहा मिनिटे सतत हलवत राहिले की वाटणाचा कच्चा लाल रंग विटेसारखा गडद होतो, कडेने तेल सुटते आणि डाव ओढला की पातेल्याचा तळ क्षणभर कोरडा दिसतो. इथे घाई केली तर लसणीचा कच्चा वास शेवटपर्यंत राहतो. मग टोमॅटो घालून ते आळेपर्यंत परतावेत आणि ओरेगॅनो तळहातावर चोळून टाकावा.

आता शिजलेला राजमा, भोपळ्याच्या फोडी आणि राजम्याचे पाणी व साधे गरम पाणी मिळून एक लिटर घालावे. उकळी आली की दहा मिनिटे मध्यम आचेवर ठेवावे. भोपळा डावाने दाबला तर चेपला पाहिजे. निम्म्या फोडी तिथेच पातेल्याच्या कडेला चेपून टाकाव्यात. त्यांच्यामुळे सॉस रेशमासारखा होतो आणि मिरचीला गोडव्याची जोड मिळते, त्यामुळे साखर किंवा गूळ लागत नाही. या टप्प्याला मीठ चाखून ते किंचित जास्त वाटेल एवढे ठेवावे, कारण पुढे पास्ता मीठ ओढून घेणार आहे. मग पास्ता घालावा आणि दर मिनिटाला तळापासून हलवावे. स्टार्चने दाट झालेला रस तळाला पटकन लागतो आणि लागल्याचा वास आला की सारे पातेले गेले. पाकिटावर दहा मिनिटे लिहिली असतील तर या दाट आणि आंबट रसात बारा-तेरा लागतील. नवव्या मिनिटापासून एकेक तुकडा चावून पाहावा. मधोमध केसाएवढा कच्चा पांढरा ठिपका दिसत असतानाच आच बंद करावी, झाकण ठेवावे आणि पाच मिनिटे थांबावे. रस फार आटला असेल तर उकळते पाणी थोडे थोडे घालावे. गार पाणी घालू नये.

आंबटपणा अगदी शेवटी, आच बंद केल्यावर येतो. माडाच्या सुरेच्या व्हिनेगरची चव कारखान्यातल्या पांढऱ्या व्हिनेगरपेक्षा मऊ आणि गोलसर असते आणि या पातेल्यासाठी त्याहून चांगले काही मी चाखलेले नाही. आधी निम्मे घालून ढवळावे, चाखावे, मग उरलेले घालावे. आंबट नीट जमले की मिरची आणि भोपळा वेगवेगळे ओळखू येतात. कमी पडले तर सगळे एकसुरी आणि जड लागते. घरातले काही जण "काहीतरी कमी आहे" म्हणतात आणि मिठाचा डबा पुढे ओढतात, तेव्हा बहुतेक वेळा उणीव आंबटाची असते. चिंच आणि आमसूल मी इथे वापरत नाही, कारण त्यांची स्वतःची ओळख फार ठळक आहे. लिंबू मात्र ताटात जरूर द्यावे.

वरून काय घालावे, हे घरातल्या सामानावर सोडतो. पातळ चिरलेला कांदा मीठ आणि लिंबात दहा मिनिटे मुरवून घेतला तर तो एवढ्या दाट पदार्थावर फार बरा लागतो. मेक्सिकोच्या ताज्या चीजऐवजी पनीर मीठ लावून कुस्करावे. चौकोनी पाकिटातले प्रक्रिया केलेले चीज घालू नये, ते वितळून तारा धरते आणि राजम्याची चव झाकते. कोथिंबीर थोडी. चिलीत तेलात लाल मिरचीची सौम्य पूड गरम करून ते रंगीत तेल वरून सोडतात. चमचाभर तेल तापवून आचेवरून उतरवावे, त्यात काश्मिरी मिरचीची पूड टाकावी आणि जेवायला बसताना वरून सोडावे. तेल धुरावलेले असेल तर पूड क्षणात जळते.

मांसाहारी घरात चोरीसचे चार-पाच मणी घालून हाच पदार्थ करता येतो आणि चिलीच्या लोंगानिझाची जागा ते उत्तम भरून काढतात. मणी सोलून, कांद्याच्या आधी पातेल्यात टाकून त्यांची चरबी सुटू द्यावी आणि मग वेगळे तेल घालू नये. चोरीसमध्ये मीठ, व्हिनेगर आणि तिखट आधीच भरपूर असते, म्हणून मिरच्या सहाऐवजी तीन घ्याव्यात आणि व्हिनेगर चाखूनच घालावे. श्रावणात किंवा सोमवारी ज्यांच्याकडे कांदा-लसूण वर्ज्य असते, त्यांनी भोपळा दीडपट घ्यावा, टोमॅटो थोडे जास्त आळवावेत आणि जिरे-धने वाढवावेत. हिंग घालण्याची सवय हाताला असते, पण तो घातला की आमटीकडे वळण लागते.

उरलेल्याचे काय करावे, हेही ठरवून ठेवावे, कारण पास्ता रात्रभर रस पीत राहतो आणि सकाळी पातेल्यात घट्ट गोळा सापडतो. दोन वेळांसाठी करायचे असेल तर भोपळा, राजमा आणि मिरचीचा रस दुप्पट करावा, पास्ता घालण्याआधी निम्मा बाजूला काढून गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवावा. तो तीन दिवस चांगला राहतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त चविष्ट लागतो. पावसात वीज जाते तेव्हा शिजलेला पास्ता-राजमा बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये. तरी गोळा झालाच, तर त्यात उकळते पाणी आणि थोडे व्हिनेगर घालून सैल करावा, सूपासारखा वाटीत घ्यावा आणि पोदेराकडच्या, म्हणजे पाववाल्याकडच्या, उंडा पावाबरोबर खावा. पास्त्याचा आकार तोवर गेलेला असतो, पण चवीला त्याने फारसा फरक पडत नाही.